पायलटचा विमा आणि ऊसतोड बाईचा खाडा

1 ऑक्टोबर 2017 रोजी आपल्या नगर जिल्ह्यातील काकडी गावात (ता. कोपरगाव) शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. याच कोपरगाव-राहाता पट्ट्यात गळीत हंगामात उसाच्या फडाशेजारी कोप्या पडतात. वर विमान चालवणारा पायलटही कामगार आणि खाली कोयता चालवणारी बाईही कामगार. मग दोघांच्या आजारपणाचा खर्च कोण भरतो, हा प्रश्न आपण का विचारत नाही?

आधी पायलटचे पाहू. मोठ्या विमान कंपन्यांत पायलटचा आणि कुटुंबाचा गट आरोग्य विमा असतो आणि हप्त्याचा मोठा भाग कंपनीच भरते. पायलटला ठरावीक मुदतीने वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. अपात्र ठरला तर विमान उडवता येत नाही, म्हणून त्या जोखमीसाठी वेगळा विमाही मिळतो. हे सगळे त्याला मिळालेच पाहिजे. आपले भांडण पायलटशी नाही.

पण हिशेब मांडू. समजा, पायलटचा पगार महिना 3 लाख आणि विम्याचा हप्ता वर्षाला 40 हजार. म्हणजे पगाराच्या साधारण 1 टक्का, तोही बहुतेक कंपनीच्या खिशातून. आता समजा, 15 हजार पगाराच्या सफाई कामगाराने बाजारातून कुटुंबाचा 20 हजारांचा विमा घेतला. हप्ता निम्मा, पण पगाराच्या 11 टक्के, आणि सगळा स्वतःच्या खिशातून. बाजार वय बघतो, आजार बघतो, पण घरात किती पैसे येतात ते बघत नाही. म्हणून विम्याची तुलना रुपयांत करणे ही फसवणूक आहे. हप्ता पगाराच्या किती टक्के आणि तो कोण भरतो, हेच दोन प्रश्न खरे.

या दोन प्रश्नांचे उत्तर देणारी व्यवस्था देशात आहे. 1943 साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकरांकडे सोपवले गेले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्या पायावर 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपला ईएसआय, उभा राहिला. त्याआधी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता. कामगाराच्या शरीराची झीज ही त्याची खासगी बाब नाही, हा विचार तेव्हापासूनचा आहे.

ईएसआयमध्ये हप्ता पगारावर ठरतो. 2019 पासून मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. 15 हजारांवर कामगाराचे 112 रुपये 50 पैसे, मालकाचे 487 रुपये 50 पैसे. त्यात कुटुंबाला उपचार आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन.

मग ऊसतोड बाई यात कुठे आहे? कुठेच नाही. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरेला उभा राहिला. पण निव्वळ साखर बनवणारा कारखाना कायद्याच्या भाषेत 'हंगामी' आणि हंगामी कारखाने ईएसआयच्या बाहेर. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही पळवाट ठेवली. फडातले मजूर तर कारखान्याचे कामगार म्हणूनच मोजले जात नाहीत. ते मुकादमाचे, उचलीचे. पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून दरवर्षी टोळ्या निघतात. आजारी पडून एक दिवस बुडाला की खाडा लागतो, म्हणजे मजुरी जातेच आणि वर दंड. खाडा नको म्हणून बाया दुखणे अंगावर काढतात. शेजारच्या बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गेला, चौकशी समिती नेमावी लागली. पायलट आजारी पडला तर विमान थांबते. ही बाई आजारी पडली तर कारखाना थांबत नाही. फरक एवढाच आहे आणि या फरकाखाली जात उभी आहे.

कोणी म्हणेल, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे की. आहे आणि ती टिकलीच पाहिजे. पण ती ठरावीक उपचारांचे रुग्णालयाचे बिल भरते. बुडालेली मजुरी भरत नाही. गरिबाला आजार दोनदा मारतो, एकदा दवाखान्यात आणि एकदा चुलीपाशी. योजना ही सरकारची मर्जी, विमा हा कामगाराचा हक्क.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीइतकीच मेहनत इथेही घेऊ. आपल्या वस्तीतील सफाई, सुरक्षा, हमाली करणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या पगारपावत्या तपासा. ईएसआयचा विमा क्रमांक आहे का ते विचारा. ठेकेदार मालकाचा 3.25 टक्के हिस्साही कामगाराच्या पगारातून कापत असेल तर ते बेकायदा आहे. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर जबाबदारी मूळ मालकावर येते, हेही सांगा. पगाराची 21 हजारांची मर्यादा 2017 ची आहे, ती वाढवण्याची मागणी करा. आणि प्रत्येक निवडणुकीत साखर सम्राटांना एकच प्रश्न विचारा: साखर वर्षभर विकता, मग ती तोडणारी बाई हंगामी कशी?

जय भीम!