कुत्र्याची मालकी आणि मेंढपाळाचे नुकसान

कुत्रा पाळणे हा गुन्हा नव्हे. पण पाळलेला कुत्रा मोकळा सोडणे आणि त्याने दुसऱ्याची मेंढरे फाडली म्हणजे हात झटकणे, हे सभ्यपणाचे लक्षण खासच नव्हे. शहरांच्या वेशीबाहेर सुट्टीतले बंगले उठत आहेत, त्यांच्या राखणीला दांडगी कुत्री येत आहेत. आणि त्याच माळांवरून धनगरांचे कळप पिढीजात वाटेने जात आहेत. दोहोंची गाठ पडली तर नुकसान कोणी सोसावे?

भारतीय दंडविधानाच्या २८९ व्या कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने घेतली. सहा महिने कैदेची मर्यादा तीच राहिली. दंड एक हजारावरून पाच हजार रुपयांवर गेला. जुनी उणीव मात्र जशीच्या तशी उतरली. माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असेल, तरच हे कलम बोलते. मेंढरू मेले तर ते मुके होते. जनावर मारल्याबद्दल निराळे कलम आहे खरे; पण तेथे हेतू किंवा जाणीव शाबीत करावी लागते, निव्वळ निष्काळजीपणा पुरत नाही. उरतो दिवाणी दावा. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्याने चार मेंढ्यांसाठी कोर्टाच्या तारखा मोजाव्यात, असे सांगणे ही त्याची थट्टा होय.

या देशात १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला. गुरू शेतात शिरले की ते कोंडवाड्यात, आणि दंड भरल्याविना सुटका नाही. गरिबाच्या गुराने केलेल्या नुकसानीला असे रोखठोक उत्तर आहे. श्रीमंताच्या कुत्र्याने केलेल्या नुकसानीला नाही.

इंग्रजांनी स्वतःच्या देशात हा भेद ठेवला नाही. कुत्रा द्वाड असल्याचे मालकास ठाऊक होते, हे सिद्ध करण्याची अट त्यांनी गुरामेंढरांपुरती १८६५ सालीच काढून टाकली. १९५३ च्या कायद्याने शेतजमिनीवर कुत्र्याने जनावरांचा पाठलाग करणे हाही मालकाचा गुन्हा ठरविला, कारण भेदरलेली गाभण मेंढी गाभडते. १९७१ च्या कायद्याने कुत्रा बाळगणाऱ्यावर भरपाईची सरळ जबाबदारी टाकली. मात्र परक्या जमिनीत भरकटून शिरलेल्या जनावरास तेथल्याच कुत्र्याने मारले, तर तीतून सूट दिली. स्कॉटलंडने तर २०२१ साली शिक्षा ४०,००० पौंड दंड व एक वर्ष कैदेपर्यंत नेली.

मोकाट कुत्र्यांचे काय, असे कोणी विचारील. त्यांच्या निर्बीजीकरणाचा व लसीकरणाचा भार २०२३ च्या नियमांनी स्थानिक संस्थांवर टाकला आहे, आणि तो त्यांनी उचललाच पाहिजे. परंतु बेवारशी कुत्र्यांकडे बोट दाखवून वारस असलेल्यांनी सुटू नये. नकोसे झालेले कुत्रे गावाबाहेर सोडून येणारेही आपल्यातच आहेत.

आमची मागणी साधी आहे. शहराच्या हद्दीबाहेरही पाळीव कुत्र्यांची नोंद व्हावी. जनावर मेल्यास पशुवैद्यकाने पंचनामा करावा, तहसीलदाराने ठराविक मुदतीत भरपाई ठरवावी, आणि ती मालकाने द्यावी. त्याची बेपर्वाई सिद्ध करण्याचे ओझे मेंढपाळावर नसावे. परक्या जमिनीत घुसलेल्या कळपाचा अपवाद आपणही अवश्य ठेवावा, म्हणजे न्याय दोन्हीकडे राहील.

कायदा होईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. फाटक लावणे व साखळी हातात धरणे यांसाठी कलम लागत नाही. कुत्र्यावर माया करणाऱ्या सुशिक्षितांनी एवढे ध्यानात घ्यावे, की धनगराची मेंढी हीच त्याची शेती आणि तीच त्याची पेढी.