तबकडी जपली, पण थाळीचे काय? वंगण, बेअरिंग आणि आवाजाचा इतिहास

१/ १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांसोबत अंतराळात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, हे इतिहासप्रेमींना ठाऊक असते. त्या तबकडीच्या वेष्टनावर काय कोरले आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. तबकडी किती वेगाने फिरवावी, हे तिथे चित्ररूपाने सांगितले आहे : एक फेरा ३.६ सेकंदांत. सोबत सुई आणि कार्ट्रिजही दिले आहे.

२/ कारण उघड आहे. ताम्रपट वाचायला डोळे पुरतात. तबकडी वाचायला ठरावीक आणि स्थिर वेग लागतो. तरीही जुन्या आवाजांच्या जतनाची चर्चा आपल्याकडे तबकडीपाशीच थांबते. ती फिरवणारी थाळी, थाळीचा दांडा आणि त्याखालचे बेअरिंग यांची निगा हाही इतिहास-जतनाचाच भाग आहे, असा या थ्रेडचा आग्रह आहे.

३/ घाटनांदूरसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवले की हा आग्रह समजणे सोपे जाते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई तालुका, बालाघाटाचा माथा, परळी–विकाराबाद रेल्वेमार्गावरचे स्थानक. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. मराठवाड्यातील खेड्यांत वीज पोहोचली ती बहुतांशी त्यानंतर. किल्लीच्या ग्रामोफोनला मात्र विजेची गरजच नव्हती. जिथे दिवा रॉकेलचा, तिथेही गाणे वाजू शकत होते.

४/ थोडा कालक्रम. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. सुरुवातीच्या तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. १९०८ साली सियालदहला कारखाना निघाला. संगीत रंगभूमीचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्येच गेले होते. त्यांचा आवाज तबकडीवर येऊ शकला नाही, बालगंधर्वांचा आला. मराठी संगीताच्या इतिहासातील ही रेषा एका यंत्राच्या आगमनाने आखली गेली आहे.

५/ आता वेगाचा प्रश्न. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मिनिटाला ७८ फेरे हा वेग सर्वत्र पक्का झालेला नव्हता. ७४ च्या वेगाने मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली, तर सूर जवळपास अर्धस्वराने चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते, आणि लयही तेवढीच वाढते. मग ‘अमुक गायकाचा आवाज फार उंच होता’ असे विधान एखाद्या लेखात बिनदिक्कत छापले जाते.

६/ वेग चुकीचा असण्यापेक्षा तो अस्थिर असणे अधिक घातक. चुकलेला वेग नंतर दुरुस्त करता येतो. परंतु बेअरिंग झिजलेले किंवा दांडा किंचित वाकलेला असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सूर वर-खाली डोलतो. पाश्चात्त्य पियानोत हा दोष पटकन कळतो, कारण पियानोचा सूर डोलत नाही. आपल्याकडे आंदोलन आहे, मींड आहे, गमक आहे. इथे यंत्राचा दोष गायकाच्या शैलीच्या वेषात लपून बसतो.

७/ म्हणून यंत्राची रचना समजून घ्यायला हवी. किल्लीच्या ग्रामोफोनमध्ये डब्यात बंद असलेली स्प्रिंग शक्ती देते, दातेरी चाके ती पुढे नेतात आणि गव्हर्नर वेगाला आवर घालतो. गव्हर्नर म्हणजे पातळ पट्ट्यांवर बसवलेली छोटी वजने. वेग वाढला की ती बाहेर फाकतात, त्यांच्याशी जोडलेली चकती चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासते आणि वेग उतरतो. थाळीचा उभा दांडा पोलादी. तो बुशमध्ये फिरतो आणि त्याचा तळ बहुधा छर्ऱ्यावर किंवा कठीण चकतीवर टेकलेला असतो.

८/ विजेवरील टर्नटेबलांतही तत्त्व तेच. १९५० च्या दशकातील गॅरार्ड ३०१ किंवा थोरेन्स टीडी १२४ यांची ख्याती मोटरइतकीच बेअरिंगवर उभी आहे. घासून गुळगुळीत केलेला दांडा, ब्राँझचा बुश, तळाशी छर्रा आणि मधोमध तेलाचा अतिशय पातळ थर. हा थर शाबूत असेपर्यंत धातू धातूला जवळजवळ लागत नाही. थर गेला की झीज सुरू होते आणि तिची घरघर सुईवाटे गाण्यात उतरते.

९/ तपासणीची पहिली पायरी हत्याराविना होते. थाळी बोटाने हलकेच बाजूला रेटून पाहावी. खुळखुळ जाणवली तर बुश झिजला आहे. थाळी हाताने फिरवून सोडावी. ती सावकाश, सलग थांबली पाहिजे, अडखळून नव्हे. मग दांड्याजवळ कान न्यावा. कोरड्या बेअरिंगची खरखर सरावलेल्या कानाला लगेच कळते. बैलगाडीचे कुरकुरणारे चाक दुरून ओळखणाऱ्या गावाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

१०/ दुसरी पायरी उघडण्याची. किल्लीच्या यंत्रात आधी स्प्रिंग पूर्ण उतरवलीच पाहिजे. भरलेली स्प्रिंग ठेवून गव्हर्नर काढला, तर चाके बेफाम सुटतात आणि दात्यांबरोबर बोटेही जातात. स्प्रिंगचा डबा घरी उघडूच नये. दांडा बाहेर काढल्यावर जुने, चिकट झालेले तेल पुसून बुश स्वच्छ करावा आणि दांड्यावर ओरखडे आहेत का, तळाच्या चकतीला खळगा पडला आहे का, हे उजेडात पाहावे.

११/ तिसरी पायरी वंगणाची. पातळ, स्वच्छ यंत्रतेलाचे काही थेंब पुरतात. दांडा सावकाश आत सोडावा. खाली कोंडलेली हवा निघायला वेळ लागतो. खोबरेल किंवा गोडेतेल कधीही घालू नये. काही काळाने त्याचा चिकटा होतो आणि यंत्र आणखी जड चालते. बीडच्या उन्हाळ्यात जुने वंगण वाळते, काळ्या मातीची बारीक धूळ त्यात मिसळते आणि तेलाचे घासलेप होऊन बसते. एप्रिल-मे उलटला की पाहणी करणे इथे शहाणपणाचे.

१२/ यावर एक गंभीर आक्षेप आहे : ऐतिहासिक वस्तूला हात लावू नये. तो अर्धा खरा आहे. लाकूड नव्याने पॉलिश करणे, पितळ चकचकीत करणे, कर्णा बदलणे यांनी पुरावा पुसला जातो. परंतु तेल घालणे हा जीर्णोद्धार नव्हे. ज्या वापरासाठी यंत्र बनले, त्या वापराचाच तो भाग आहे. बुश बदलावाच लागला तर जुना बुश चिठ्ठी लावून डबीत ठेवावा. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद ठेवली की तीच पुढच्या संशोधकासाठी साधन ठरते.

१३/ दुसरा आक्षेप : पोलादी पिनेने तबकडी झिजते. हे निर्विवाद खरे. म्हणून दुर्मीळ तबकडी किल्लीच्या यंत्रावर ठेवूच नये. ती हलक्या सुईच्या विजेवरील टर्नटेबलवर एकदाच, काळजीपूर्वक वाजवून तिचे डिजिटल मुद्रण करावे. परंतु त्या टर्नटेबललाही बेअरिंग असतेच. ते न तपासता केलेले मुद्रण यंत्राचा दोष कायमचा गोठवते. मूळ तबकडी पुढे फुटली, तर तो दोषच ‘मूळ’ ठरतो.

१४/ अंबाजोगाईतच याचे दुसरे टोक पाहायला मिळते. दासोपंतांची पासोडी, लिहिलेले लांबलचक कापड, चार शतके टिकली. ती वाचण्यासाठी कापड आणि अक्षर शिल्लक असणे पुरेसे होते. तबकडीचे तसे नाही. लाखेची चकती शाबूत असली, तरी तिला नीट फिरवणारे यंत्र आणि ते यंत्र जाणणारा माणूस नसेल, तर ती मुकीच.

१५/ माणसाचा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थेने तबकड्यांच्या नोंदींचे मोठे काम केले. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांच्या ज्ञानाची तशी नोंद अजून व्हायची आहे. कोणत्या आवाजावरून त्यांनी कोणता बिघाड ओळखला, सुटा भाग मिळेना तेव्हा काय बसवले, हे कागदावर आलेलेच नाही. विद्यापीठांत मौखिक इतिहासाचे प्रकल्प होतात; त्यांत गायकाची मुलाखत असते, मिस्त्रीची नसते.

१६/ तरुण अभ्यासकांसाठी काम इथूनच सुरू होते. घाटनांदूर असो वा दुसरे कोणते गाव, माळ्यावर पडलेले यंत्र भंगारात जाण्याआधी त्याचे छायाचित्र, मोटरवरचा क्रमांक आणि थाळीची खुळखुळ यांची नोंद करावी. तालुक्याच्या गावी जुना रेडिओ-मिस्त्री हयात असेल, तर त्याच्यासमोर यंत्र उघडावे आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. शेवटी डब्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवावी : तेल घातल्याची तारीख आणि घालणाऱ्याचे नाव.

(थ्रेड समाप्त)