मुलांची चारचाकी : वेग आणि ओढ

अमेरिकेंत राहणाऱ्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, आठ वर्षांच्या नातवास पेट्रोलवर चालणारी छोटी क्वाड बाईक घेऊन दिली आहे. ती फार पळते. चिरंजीव म्हणतात, मागचें दंतचक्र मोठें बसविलें म्हणजे काळजी मिटली. हें खरें काय? प्रश्न यंत्राचा दिसला, तरी मुळांत तो बाळाच्या हातापायांचा आहे. म्हणून थोडें विस्तारानें लिहितों.

प्रथम गणित पाहूं. इंजिनाकडील लहान चक्रास १० व मागील आंसावरील मोठ्या चक्रास ४० दांते असले, तर लहान्याचे चार फेरे होतात तेव्हां चाकाचा एक होतो. लहान चक्र ९ दांत्यांचें बसविलें, तर इंजिन तितकेंच फिरूनहि ताशी २० किलोमीटरची गाडी १८ किलोमीटरनें जाईल. तोच परिणाम मागील चक्रानें साधावयाचा, तर ४० ऐवजीं सुमारें ४४ दांते लागतील. हें त्रैराशिक नातवाकडूनच सोडवून घ्यावें.

पण खरी गोम पुढेंच आहे. दंतचक्र बदलल्यानें इंजिनाची शक्ति तिळभरहि घटत नाहीं. ज्या प्रमाणांत वेग गेला, त्या प्रमाणांत ओढ वाढते; वरील उदाहरणांत ती एक-नवमांशानें वाढली. चढावर किंवा चिखलांत हा गुणच होय. परंतु जागेवरून निघतांना खटका एकदम दाबला गेला, तर हलक्या अंगाचें मूल मागें झोकलें जातें आणि पुढचीं चाकें उचलूं पाहतात. तात्पर्य, चिरंजिवांचा उपाय वेगावर आहे, धक्क्यावर नाहीं.

म्हणून आधीं शक्तीस लगाम घालावा. अंगठ्यानें दाबावयाच्या खटक्याच्या डबीस बहुधा एक लहान स्क्रू असतो. तो आंत फिरविला कीं खटका पुरता दाबला जात नाहीं. इंजिनास हवा व इंधन कमी मिळून वेग आणि ओढ दोन्ही आटोक्यांत येतात. स्क्रूवरील नट घट्ट आवळावा, आणि इंजिन बंद असतांना खटका सोडतांच आपोआप मागें येतो ना, हें पाहावें. कांहीं गाड्यांच्या धुराड्यांत अरुंद भोकाची चकती असते. ती काढण्याची घाई करूं नये. ओढतांच इंजिन बंद पाडणारी दोरी असल्यास ती मोठ्या माणसानें हातीं धरून मागें चालावें. एवढें करून गाडी चढावर अडली, तरच दंतचक्राकडे वळावें. आणि तें बदलल्यावर साखळीचा ताण पुन्हा जुळवावा.

अमेरिकेंत २००८ सालच्या कायद्यानें या गाड्यांचे दंडक बंधनकारक झाले. सहा वर्षांवरील मुलांच्या गाडीस प्रारंभीं ताशी १० मैलांची मर्यादा असते. ती काढली तरी वेग १५ मैलांपलीकडे जाऊं नये, असा नियम आहे. तथापि अमेरिकन ॲकॅडेमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचें मत याहून कडक आहे : सोळा वर्षांखालील मुलांनीं असलीं वाहनें चालवूंच नयेत. बहुतेक अशा गाड्यांचीं मागचीं चाकें एकाच आंसास जखडलेलीं असल्यानें वळतांना अंग झुकवावें लागतें. तें बळ व ती समज लहान मुलाच्या ठायीं कोठून असणार? आमचें मत विचाराल, तर गाडी परत करवत असेल तर तेंच उत्तम.

तें होत नसेल, तर शिरस्त्राण, मोकळें सपाट मैदान आणि वडीलधाऱ्यांची नजर यांवांचून एक पाऊलहि नको. आणखी एक व्यवस्था करावी. भरल्या घरांत लाडाला सीमा नसते. काका एक फेरा सैल करितो, आत्या दुसरा करविते. म्हणून स्क्रूड्रायव्हर एकाच्याच स्वाधीन असावा, आणि त्यानें स्क्रू सोडावयाचा तो मुलाचें रडणें ऐकून नव्हे, तर त्याचें थांबणें व वळणें पाहून.