अर्धे झाकण

गेल्या महिन्यात एका जुन्या स्नेह्याच्या आग्रहावरून गेवराई तालुक्यातील त्याच्या गावी जाण्याचा योग आला, आणि कापसाचा व उसाचा मुलूख म्हणून बाळपणापासून परिचित असलेल्या त्या शिवारात तुतीची हिरवीगार पट्टी पाहून मी बांधावरच थबकलो. बीड जिल्हा आज रेशीम पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अग्रभागी गणला जातो, हे वृत्तपत्रांतून वाचले होते. परंतु ज्या भूमीचे नाव अवर्षण आणि ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर यांच्याशी कायमचे जोडले गेले आहे, तिच्यावर कोणी किड्यांच्या पालनपोषणावर संसार उभारील, ही गोष्ट प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज मनात उतरत नव्हती.

शेताच्या कडेला पत्र्याचे, चहूबाजूंनी जाळी लावलेले एक लांबट संगोपनगृह होते. दाराशी चुन्याची फक्की पसरलेली, तिच्यात पाय ठेवूनच आत शिरावयाचे, असा तेथला शिरस्ता. आत एकावर एक रचलेल्या मांडण्यांवर तुतीच्या फांद्या अंथरल्या होत्या आणि त्या फांद्यांवर बोटभर लांबीच्या, दुधी रंगाच्या हजारो अळ्या अविरत चरत होत्या. बाहेर आभाळ निरभ्र असताना आत मात्र छपरावर बारीक पावसाची रिपरिप चालावी तसा ध्वनी भरून राहिला होता, तो त्यांच्या चरण्याचा. शंभर अंडीपुंज आणले की चाळीस-पन्नास हजार जीव एका छपराखाली नांदतात; महिन्याहून कमी अशा आयुष्यात ते चारदा कात टाकतात, अखेरच्या आठवड्यात पाल्याचा बहुतेक सगळा फडशा पाडतात, आणि मग कोष विणण्यासाठी ठेवलेल्या चंद्रिकेवर चढून दोन-तीन दिवसांत स्वतःभोवती हजार मीटर किंवा त्याहूनही लांब असा एकच अखंड धागा गुंडाळून घेऊन दिसेनासे होतात.

स्नेह्याच्या भावजयीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यांतली एक अळी अलगद उचलून तळहातावर घेतली आणि तो हात माझ्यापुढे केला. "घ्या की भाऊजी, चावत न्हाई ती." माझा हात आपसूक मागे गेला. वहिनींना त्याचे नवल वाटले नाही. "पयल्या बॅचला मला बी अंगावर काटा यायचा," त्या म्हणाल्या, "आता हिच्याबिगर करमत न्हाई. हिच्याच जिवावर पोरगी नर्सिंगला हाय." तेव्हा, बोलण्याच्या ओघात, आसामात एरी जातीच्या रेशमाचा किडा लोक आवडीने खातात, कित्येक घरांत तर धाग्याइतकीच त्या किड्याचीही मातब्बरी असते, आणि कोरियात असेच रेशीमकिडे उकडून रस्त्यावर विकले जातात, हे मी त्यांना सांगितले. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. "आगं बाई! लेकरावानी सांभाळलेलं कुनी खाईल व्हय?" मी विचारले, बाजारात गेलेल्या कोषातल्या जिवाचे पुढे काय होते? त्या फांदीवरची वाळली पाने वेचत राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "वाफंवर मारत्यात म्हनं. ते बघाया आपुन जात न्हाई."

परतीच्या वाटेवर माझ्या मनात घोळत राहिले ते हेच, की एकाच वस्तूविषयीचे आम्हा दोघांचे नकार किती भिन्न जातीचे होते. वहिनींच्या नकारात ममता होती. ज्याला आपण पाला घातला त्याला गिळावे कसे, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नाही. माझ्या मागे सरलेल्या हातात ममतेचा लवलेश नव्हता. ती निव्वळ शिसारी होती, आणि ती माझ्या हाताला कोणी शिकवली, याचा शोध घेणे मला आवश्यक वाटले.

आमच्या घरी आजोबांचा एक मुकटा होता. जेवावयास बसताना ते तो नेसत, कारण रेशीम हे सोवळे. सुती वस्त्राला विटाळ होतो, रेशमाला तो सहसा होत नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्या एका वस्त्रासाठी सहस्रावधी कोष उकळत्या पाण्यात पडले असतील, आणि ओल्या कोषाच्या वजनात सुमारे चार-पंचमांश भाग आतल्या जिवाचाच असतो. त्या जिवाच्या भोवतीचा धागा देवघरात चालतो, पंक्तीत चालतो, किंबहुना तो अंगावर असल्याखेरीज घास घेववत नाही. आणि धाग्याच्या आतला जीव मात्र नुसत्या नामोच्चाराने घास अडवतो. मध हा माशीने फुलांतला रस पोटात साठवून पुन्हा मुखावाटे पोळ्यात ओतलेला पदार्थ, तो आपल्या पंचामृतात आहे. औदुंबर हा दत्तात्रेयाचा वृक्ष, आणि त्याच्या फळात किडे असतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच उंबर फोडून केंबरे काढू नयेत अशी म्हण करून ठेवली. पौष-माघात शेतात हरभऱ्याचा हुळा भाजताना घाट्यांबरोबर किती घाटेअळ्या भाजल्या जातात याचा हिशेब आजवर कोणी मागितलेला नाही, आणि मागू नये; हुळा तितका गोड लागतो.

आपल्या साहित्यशास्त्राने किळसेच्या या भावनेला जुगुप्सा असे नाव देऊन बीभत्स रसाचा स्थायीभाव म्हणून तिला मानाचे स्थान दिले आहे, ते यथार्थच होय. नासलेले, कुजलेले, विषारी अन्न मुखापासून दूर ठेवण्याचे काम ही भावना अनादिकालापासून इमानाने करीत आली आहे, आणि तिच्यावाचून मनुष्यजातीचा निभाव लागला नसता. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे दोनशे कोटी लोकांच्या आहारात कीटकांचा समावेश आहे आणि खाल्ल्या जाणाऱ्या कीटकांच्या जाती एकोणीसशेहून अधिक आहेत. ओडिशातील मयूरभंजच्या तांबड्या मुंग्यांच्या चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. इतक्या लोकांची जीभ निसर्गाने वेगळी घडवली असे म्हणता येत नाही. विषाची भीती निसर्गाने दिली असेल. बाकीची किळस घराने दिली, आळीने दिली, जातीने दिली.

आणि भुकेने ती वेळोवेळी काढून घेतली. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. विहिरींचे तळ उघडे पडले, बळदातली ज्वारी संपली, आणि स्वस्त धान्याच्या दुकानांतून अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळू लागली. तिची भाकरी थापताना कडा तुटत, भाजली की ती तांबूस, कडक आणि उग्र वासाची होई. माझी आजी निजामी अंमलात वाढलेली, जिल्हाधिकाऱ्याला अखेरपर्यंत तालुकदार म्हणणारी, शब्दाची मोठी करारी. "हे ढोराचं खाणं आहे," असे म्हणून तिने दोन दिवस ताट सारले. तिसऱ्या दिवशी तिने ती भाकरी पाण्यात कुस्करली, डोळे मिटले आणि खाल्ली. मी समोरच बसलो होतो. तिच्या गालावरून ओघळलेले पाणी किळसेचे होते की मानभंगाचे, हे मला त्या वयात उमगले नाही, आणि आज ते विचारावयास ती नाही. त्याच साली दुष्काळी कामांवर आई खडी फोडून येताना पदरात सुकडी बांधून आणी; बांधावरचा तरोटा, घोळ, पाथरी, जे काही कोवळे उगवेल ते शिजे. कोणी कोणाच्या चुलीकडे पाहत नव्हते.

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेश 'मटची'ने उद्ध्वस्त झाला होता. या शब्दाचा अर्थ काही जण गारा असा करतात, तर कित्येक पंडित तो टोळ असा करतात. अन्नान्न दशेला पोहोचलेला हा विद्वान ब्राह्मण एका माहुताजवळ त्याच्या उष्ट्या घुगऱ्या मागतो आणि खातो. माहूत पाणी देऊ करतो तेव्हा मात्र ते उष्टे म्हणून नाकारतो. घुगऱ्या उष्ट्या नव्हत्या काय, या प्रश्नावर त्याचे उत्तर असे, की त्या खाल्ल्या नसत्या तर मी जगलो नसतो. पाणी मला इतरत्रही मिळेल. टोळांनी सर्व पीक फस्त केले असेल, तर ते टोळच खावेत ही कल्पना त्या ऋषीला सुचली नसावी, एरवी अरबस्तानापासून आफ्रिकेपर्यंत कित्येक समाजांनी तेच केले आहे. मला त्या कथेतले महत्त्वाचे वाटते ते हे, की उषस्तीने आपली मर्यादा आपणच ठरवली आणि त्या माहुताला त्याच्या ताटाबद्दल हीन लेखले नाही.

आमच्याकडे नेमके हेच घडले नाही. आमची किळस ताटावर थांबली नाही. ती ताटाच्या मालकावर जाऊन बसली आणि पिढ्यान् पिढ्या तेथून उठली नाही. मराठवाड्यातील गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत मांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून, पावसाळ्याच्या बेगमीसाठी चान्या करून ठेवीत. रक्ताची रक्ती, आतड्यांची वजडी शिजे. ज्यांच्या वाट्याला गावाने मेलेले जनावर ओढण्याचे काम लावून दिले होते, त्यांनी त्या सक्तीतून एक संपूर्ण पाकशास्त्र उभे केले. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या ग्रंथात महार-मांग समाजांचे हे अन्न नावानिशी, कृतीसह नोंदवून ठेवले, आणि मराठी पाककृतींच्या दप्तरातील एक मोठी कसर भरून काढली. बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते; तो एका समाजाने स्वाभिमानासाठी स्वतः घ्यावयाचा निर्णय होता. त्यावरून नाक मुरडण्याची मुभा गावाला त्यांनी कधीही दिलेली नव्हती. उलट, १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचे एक मूळ त्यांनी गोमांसाविषयीच्या घृणेत शोधले. हे प्रतिपादन सर्वांना मान्य होवो न होवो, ताटावरून माणूस तोडता येतो, हे सिद्ध करण्यास आम्हा बीडकरांना ग्रंथाची गरज पडू नये.

मला तरी नाही. सहावीत माझ्या शेजारी बसणारा एक मित्र होता. गणितात तो माझ्यापुढे, आणि पट्टीचा पोहणारा. श्रावणातल्या एका दुपारी त्याने डबा उघडला. ज्वारीची भाकरी, लाल तिखट आणि निखाऱ्यावर भाजलेल्या चान्यांचे चार काळसर तुकडे. खमंग, किंचित जळका असा तो वास मला आजही आठवतो, आणि खरे सांगावयाचे तर तो वास वाईट नव्हता. तरीही मी मोठ्याने "शी!" म्हणालो आणि माझा डबा उचलून पलीकडे सरकलो. वर्गातली आणखी चारपाच मुले सरकली. गुरुजी आले, त्यांनी विचारपूस केली, आणि त्याला उद्यापासून व्हरांड्यात बसून जेवण्याचा हुकूम दिला. तो काही बोलला नाही. त्याने झाकण डब्यावर अर्धे ओढले आणि त्या झाकणाच्या आड, मान खाली घालून, राहिलेली भाकरी संपवली. ज्या वर्षी आजीने मिलोची भाकरी डोळे मिटून गिळली, त्यानंतर दोनच पावसाळे उलटले होते.

त्या "शी"ची क्षमा मी त्याच्याजवळ पुष्कळ वर्षांनी मागितली. शासकीय सेवेत मोठ्या हुद्द्यावर चढून तो निवृत्त झाला होता. "अरे, तू लहान होतास," एवढेच तो म्हणाला, आणि विषय पावसावर नेला. गेल्या दिवाळीत तो सहकुटुंब आमच्याकडे जेवावयास होता. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी. कोणाच्याही घरी असावे तसे साधे, उघडे ताट. सगळे गप्पांत रमले होते. त्याने ताट किंचित स्वतःकडे ओढून घेतले, डावा हात कोपरापासून त्याच्याभोवती वळवला, आणि त्या हाताच्या आड मान खाली घालून तो जेवू लागला. ताटात काय आहे हे समोरून दिसत नव्हते.