वांड म्हणून मार खाणारी पोरं

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवणं झाल्यावर वाचा. पण घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर वाचाच.

माझा एक भाचा आहे. वय नऊ, तिसरीत. नाव टाकत नाही, त्याला याच गावात मोठं व्हायचंय. पोरगं हुशार. शुक्लेश्वराच्या मंदिरापासून आमच्या घरापर्यंत किती दुकानं लागतात ते पाटीसकट सांगेल. पण वहीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की दुसऱ्या ओळीला पेन्सिल खाली, तिसरीला स्वतः बाकाखाली. डबा विसरणार, दप्तर विसरणार, एकदा चप्पल विसरून आला. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणार नाही. रस्ता बघून ओलांडणार नाही, आणि तो रस्ता पाथर्डी रोड! बहिणीचा जीव रोज टांगणीला.

शाळेने काय केलं? आधी शेवटच्या बाकावर. मग वर्गाबाहेर, व्हरांड्यात. पावसाळ्यातला जवळजवळ एक महिना पोरगं व्हरांड्यात बसून होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. मग एक दिवस बहिणीला बोलावून गोड आवाजात सांगितलं, "ताई, तुम्ही याचा टीसी घेऊन जा, बाकीच्या मुलांचं नुकसान होतंय." लेखी काही नाही. लेखी कधीच देत नाहीत, कारण शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १६ त्यांनाही माहीत आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. महिनाभर व्हरांड्यात बसवणं याला छळ नाही तर काय म्हणायचं?

आता स्वतःचंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पत्रकार दुसऱ्याच्याच चुका काढतो. मीही मारलंय त्याला. माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला म्हणून चांगल्या दोन ठेवून दिल्या होत्या. पोरगं रडलं नाही. म्हणालं, "मामा, मला कळत नाही असं का होतं." ते वाक्य तेव्हा मी ऐकलंच नाही.

निदान व्हायला आठ महिने लागले. मधल्या काळात कुणी तोडगे सांगितले, कुणी "आमचा बबन पण असाच होता, आता मिलिटरीत आहे" म्हणून धीर दिला. एका क्लासवाल्याने मेंदू तल्लख करण्याचा कोर्स गळ्यात मारायचा प्रयत्न केला, डोळ्याला पट्टी बांधून वाचायला शिकवतात तो. शेवटी एका बालरोगतज्ज्ञाने कान आणि डोळे तपासले, झोपेचं विचारलं आणि मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे नाव कळलं. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकत नाही आणि अंगात स्थिरता नाही.

हे रक्तात दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसत नाही. त्यामुळे कुणी पहिल्याच भेटीत मेंदूचा महागडा फोटो काढायला लावत असेल तर आधी कशासाठी ते विचारा. डॉक्टर आईबापाशी बोलतात, शाळेकडून फॉर्म भरून घेतात. लक्षणं बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, निदान सहा महिने टिकलेली हवीत आणि एकाच जागी नव्हे, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. म्हणजे प्रत्येक वांड पोरगं एडीएचडीचं नसतं. पाहुणे आले की उड्या मारणारं पोरगं फक्त पोरगं असतं. उलटंही खरं आहे. खिडकीशी गप्प बसून बाहेर बघत राहणारी, तोंडी सांगता येतं पण पेपर अर्धा सोडणारी मुलगीही यातली असू शकते. ती त्रास देत नाही म्हणून कुणाच्याच लक्षात येत नाही. तिला आपण 'मंद' म्हणून मोकळे होतो.

"हे श्रीमंतांचे आजार, औषध कंपन्यांची फॅडं" असं म्हणणारे खाली कमेंटमध्ये येतीलच. त्यांच्यासाठी: लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरने अशा मुलांवर १९०२ साली व्याख्यानं दिली. अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीने १९३७ साली औषधाने अशी मुलं वर्गात लक्ष देऊ लागल्याचं लिहून ठेवलं. तेव्हा मोबाईल नव्हता. मोबाईलने भर पडत असेल, पण मूळ दुखणं त्याच्या आधीचं आहे. जगभरच्या अभ्यासांतून ढोबळ आकडा शंभरात पाचच्या आसपास येतो. साठच्या वर्गात तीन. तुमच्या वर्गात कोण तिघं होते, आठवा. एखादा तरी दहावीआधी शाळा सोडून गॅरेजला लागला असेल.

आता सरकारकडे येतो, कारण ही पोस्ट त्यासाठीच आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यातून, पालघरहून. दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता असं पथक गाडी घेऊन येतं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. तपासायच्या तीसेक आजारांच्या यादीत एडीएचडी लिहिलेलं आहे. पुन्हा वाचा. यादीत आहे! संशय आला तर जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं, तेही लिहिलेलं आहे.

मी या तपासण्या बघितल्यात. रांग लागते, वजन, उंची, दात, डोळे, जीभ दाखव, पुढे. मुलामागे दोन मिनिटं मिळाली तर नशीब. दोन मिनिटांत कीड लागलेला दात दिसेल, लक्ष न टिकणं कसं दिसणार? त्यासाठी वर्गशिक्षकाला दहा प्रश्न विचारावे लागतात. मी उभा होतो तिथे एकदाही कुणी विचारले नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही काय छापतो? 'विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी उत्साहात संपन्न.' ही बातमी मी स्वतः कितीतरी वेळा लावली आहे, फोटोसकट. किती मुलं पुढे पाठवली, हे एकदाही विचारलं नाही.

आणखी एक गोम. हे पथक सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी आहे. कर्ज काढून विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेलं पोरगं त्यात बसतच नाही. वर भिंगार म्हणजे छावणी परिषद. महापालिका हात वर करते, जिल्हा परिषद हात वर करते, आपण मध्ये.

पुढची गंमत कायद्यात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडी नाही. म्हणजे तपासणीच्या यादीत आहे आणि हक्काच्या यादीत नाही! अध्ययन अक्षमतेच्या मुलांना आपल्या राज्याने १९९६ पासून परीक्षेत सवलती दिल्या. २००७ साली तो सिनेमा आला तेव्हा आपण सगळे थिएटरात रडलोही. पण भाच्यासारख्या पोराला जास्तीचा वेळ हवा असेल तर त्याच्याकडे दाखवायला प्रमाणपत्र कुठलं?

औषधाचंही ऐका. मिथाइलफेनिडेट अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, त्यामुळे मेडिकलवाले ठेवत नाहीत. पहिली चिठ्ठी घेऊन मी तीन दुकानं फिरलो. तिसऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मलाच चोरट्यासारखं वाटलं. शेवटी पुण्याहून आणलं. नियंत्रण हवंच, नको कोण म्हणतंय? पण दर महिन्याला पुण्याला जाणं सगळ्यांना जमेल का? हे गुंगीचं औषध नाही, पोर झोपवत नाही. भूक कमी होते, झोप लांबते, म्हणून वजन-उंचीवर लक्ष ठेवावं लागतं आणि डॉक्टरांशिवाय एक गोळीही द्यायची नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला आधी गोळी नसतेच, आधी आईबापाचं प्रशिक्षण.

शाळेकडून काय लागतं? पहिला बाक. एका वेळी एकच सूचना. पंधरा मिनिटांनी फळा पुसायला किंवा खडू आणायला उठवणं. चांगलं केलं की तिथल्या तिथे शाबासकी. यातलं कशालाच निधी लागत नाही. भाच्याच्या नव्या शाळेतल्या बाई हे सगळं करतात, वर्गात पन्नासच्या वर पोरं आणि वर निवडणुकीचं काम असून. त्या मला म्हणाल्या, "दादा, आम्हाला डीएडला हे कुणी शिकवलंच नाही, मी यूट्यूबवर बघून करते." मास्तरांना शिव्या घालायला निघालेला मी तिथे गप्प झालो.

उद्या सोमवार. माहिती अधिकाराचा अर्ज तयार आहे, दहा रुपयांचं तिकीट लावलंय. चार प्रश्न आहेत. गेल्या तीन वर्षांत बाल स्वास्थ्य पथकांनी जिल्ह्यात किती मुलं एडीएचडीच्या संशयावरून डीईआयसीला पाठवली? त्यातली किती प्रत्यक्ष पोहोचली? तिथे बालमानसोपचार तज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस बसतात? आणि भिंगार छावणीतल्या शाळा कोणत्या पथकाकडे आहेत? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की जसंच्या तसं इथे टाकतो, नाही आलं तर अपिलाची तारीख टाकतो.

तुमच्याकडेही शाळेने तोंडी टीसी न्यायला सांगितलं असेल तर मेसेज करा, नाव कुठे येणार नाही. आणि टीसी मागितला की एकच म्हणा: लेखी द्या.