पोट भरलेल्यांचे पथ्य



शहरात सध्या एका पथ्याची साथ आहे. साथच म्हणायचे, कारण एकाने धरले की सोसायटीतल्या चार घरांत शिरते. अमेरिकेत २००९ साली ‘होल थर्टी’ नावाने निघालेला हा प्रकार. तीस दिवस साखर-गूळ बंद, दूध-दही बंद, दारू बंद, पाकिटातले गोडधोड बंद. इथवर आमची तक्रार नाही. पण यादी पुढे जाते. तीस दिवस धान्य बंद. गहू-तांदूळ बंद, ज्वारी, बाजरी, मकाही बंद. डाळी आणि कडधान्ये बंद. मग खायचे काय? मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे, बदाम-अक्रोड. महिना संपला की सोडलेला एकेक पदार्थ पुन्हा सुरू करून कशाने त्रास होतो ते बघायचे.

यातली मूळ कल्पना वैद्यकाचीच आहे. पोट का बिघडते, अंगावर पित्त का उठते हे कळेना, की डॉक्टर काही आठवडे संशयाचे पदार्थ बंद करतात आणि मग एकेक चालू करून पाहतात. गव्हातल्या ग्लुटेनने ज्यांच्या आतड्याला इजा होते त्यांना गहू जन्मभर सोडावा लागतो. तो आजार आहे, त्याची थट्टा आम्ही करणार नाही. आमचे भांडण वेगळे आहे. धडधाकट, भरल्या पोटाच्या माणसाने काढलेले हे पथ्य मोबाईलवरून आता आपल्या लेकीसुनांपर्यंत, अगदी पोटुशी बाईपर्यंत पोचते आहे, आणि तिला कोणी सांगत नाही की हे पथ्य कोणाच्या ताटासाठी लिहिले गेले.

कृषी महाविद्यालयात शिकलेली एक साधी गोष्ट सांगतो. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन नावाचा घटक कमी पडतो, तुरीत तो भरपूर असतो. तुरीत जे कमी असते ते ज्वारी देते. भाकरी आणि वरण एकत्र आले की दोघांची उणीव भरून निघते. कापसात तुरीची ओळ टाकणाऱ्या आपल्या आजोबांना लायसीन ठाऊक नव्हते, पण ताट बरोबर होते. रोज अंडी-मटण परवडणाऱ्याने भाकरी-वरण दोन्ही सोडले तर त्याचे फारसे अडत नाही. आपण सोडले तर ताटात मिरचीचा ठेचा उरतो.

आता हेच पथ्य घेऊन जरा जव्हार-मोखाड्याला चला. कापूसपट्ट्यातल्या वाचकाला वाटेल, तो मुलूख आपला नव्हे. खरे आहे. तिथे पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर, आपल्या तिप्पट. भात खाचरात, नागली आणि वरई डोंगरउतारावर, सोबत उडीद, तूर, खुरासणी. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती. पण जमीन हलकी, सिंचन नाही आणि पीक निघाले की हाताला काम नाही, इतके तरी आपले आणि त्यांचे सारखेच आहे. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे जगायला बाहेर पडतात, भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर.

पथ्याची पहिली पायरी असते घरातले डबे रिकामे करणे. मोखाड्यात आषाढ-श्रावणात ते आपोआप होते. जुने धान्य संपलेले, नवे अजून शेतात. दूध सोडा म्हणावे तर दूध होते कुठे? पाकिटातले नको, रानातले ताजे खा म्हणावे तर शेवळा, लोथ, कुर्डू, टाकळा हे त्या बाया पिढ्यान्‌पिढ्या खातच आल्या आहेत. शेवळा घशाला खाजू नये म्हणून त्यात काकड घालायची, कडूकंद राखेत उकळून कडूपणा काढायचा, ही विद्या कोणत्या पथ्यतज्ज्ञाने शिकवली नाही. आणि भरपूर पाणी प्या म्हणावे तर मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला जाते आणि धरणाच्या तालुक्यातल्या बाया उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि देशभर गाजावाजा झाला. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ साली पालघर जिल्हा झाला आणि २०१६ साली मोखाड्याचे नाव पुन्हा त्याच कारणाने वर्तमानपत्रांत आले.

या मुलखात पथ्य आधीपासून चालू आहे आणि त्याचे नाव आहे रेशन. अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. माणशी महिन्याला ५ किलो धान्य, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. त्यातून जेमतेम सहाशे कॅलरी मिळतात. अंत्योदयाच्या कार्डावर घराला ३५ किलो. त्या कायद्यात डाळ नाही. तेल नाही. शहरातला माणूस तीस दिवस डाळ सोडतो आणि त्याची चर्चा करतो. इथे सरकारने डाळ ताटाबाहेर ठेवली आणि त्याला सुरक्षा म्हटले!

आणि भाव पाहा. त्या कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि आपली ज्वारी, बाजरी, नागली ‘भरड’ म्हणून १ रुपया. जानेवारी २०२३ पासून सगळेच फुकट झाले, पण कार्डावर येतो मुख्यतः तांदूळ आणि गहू. फुकटचा तांदूळ घरात असताना उतारावर नागलीची लावणी कोण करील? नागलीला राब भाजा, रोप लावा, कणसे खुडा, झोडपा. वरई तर कांडताना बाईचे खांदे भरून येतात. ही पिके मागे पडली ती आदिवासी अडाणी होता म्हणून नव्हे. त्याने हिशेब केला. आपल्याकडेही तेच. ज्वारीचे शेत गावात एकटेच उरले की सगळी पाखरे त्यावर, रात्री रानडुकरे, राखणीला माणूस नाही. मग कडब्याचा मोह असूनही शेतकरी सोयाबीनकडे वळला.

शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पॉलिशच्या तांदळात दहाच्या आसपास. डोंगरातल्या पोराच्या ताटातून नागली निघून तांदूळ आला याचा अर्थ या दोन आकड्यांत आहे.

शहरात याच नागलीचे दैव फिरले. तिथल्या पथ्याचा दुसरा पंथ धान्य सोडत नाही, फक्त गहू सोडतो आणि नागली, ज्वारी, भगर धरतो. (भगर म्हणजे आपली वरईच. एकादशीला खाल्ली तर उपवास, पाकिटात घातली की आहारशास्त्र!) भरड धान्याला सरकारने २०१८ साली पौष्टिक म्हटले, २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’ म्हटले, त्याच साली जगाने भरडधान्य वर्ष साजरे केले. नाव दोनदा बदलले. २०२५-२६ चा हमीभाव नागलीला ४,८८६ रुपये क्विंटल आणि संकरित ज्वारीला ३,६९९. वरई त्या यादीतच नाही.

काही हुशार मंडळी म्हणतात, शहरी पथ्याने तुमच्या मालाला गिऱ्हाईक मिळते, मग तुम्ही का चिडता? गिऱ्हाइकावर आम्ही चिडलेलो नाही. नागली, ज्वारी जरूर विकावी, मिळेल त्या वरच्या भावाने विकावी, मध्ये कोणी आडवे येऊ नये. पण आज गहू सोडणारा उद्या पहिल्या पंथात गेला की ज्वारीही सोडतो. त्याच्या लहरीवर पेरणी करू नका. रोज खाणारे गिऱ्हाईक आपल्याच तालुक्यात आहे, रेशनच्या रांगेत उभे आहे.

म्हणून या खेपेच्या जिल्हा बैठकीत आम्ही हा विषय घेत आहोत. कार्डधारकाला तांदूळ-गव्हाऐवजी ज्वारी किंवा नागली मागण्याचा हक्क हवा. ती त्याच तालुक्यात, काढणीच्या महिन्यात, हमीभावाच्या खाली न जाता घेतली पाहिजे. कार्डावर डाळ आणि तेल हवे. वरईला हमीभाव हवा आणि जव्हार-मोखाड्याच्या गावागावांत ती भरडण्याचे यंत्र हवे. यासाठी चिठ्ठ्या लागतील. बैठकीला येताना गेल्या तीन महिन्यांत आपल्या कार्डावर कोणते धान्य किती मिळाले, आणि घरात त्यातले कोणी काय खाल्ले, ते कागदावर लिहून आणा. बायकांनी काय खाल्ले ते वेगळे लिहा.