पीपीएफ की व्हिनाईल रॅप? पैसे टाकण्याआधी फरक समजून घ्या

पुण्यात सध्या नव्या स्पोर्ट्स कारसोबत 'पीपीएफ करून घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. पण पीपीएफ आणि व्हिनाईल रॅप एकच नाहीत. मोबाईलच्या भाषेत सांगायचं तर पीपीएफ म्हणजे स्क्रीन गार्ड आणि रॅप म्हणजे मागची स्किन.

पीपीएफ टीपीयू या लवचिक प्लास्टिकचं असतं, साधारण 150 ते 200 मायक्रॉन जाड. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर ताशी 100 किलोमीटरच्या वेगात उडालेल्या खड्याचा मार ते बराचसा झेलतं. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे तर उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. व्हिनाईल पीव्हीसीचं आणि जवळपास निम्म्या जाडीचं. ते लूक बदलतं, किरकोळ ओरखडे अडवतं, पण खड्यापुढे फारसं टिकत नाही.

दुसरा मुद्दा कागदपत्रांचा. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. पारदर्शक पीपीएफने तो बदलत नाही. रॅपने अख्ख्या गाडीचा रंग बदलणार असाल, तर आधी आरटीओत चौकशी करून नोंद करून घ्या. नाहीतर पोलिसांनी अडवल्यावर गाडी एका रंगाची आणि आरसी दुसऱ्या रंगाची!

बजेट कमी आहे? मग फक्त पुढचा बंपर, बॉनेट आणि आरशांना पीपीएफ लावा. खडे सगळ्यात जास्त तिथेच बसतात.